शिक्रा वेळेवर येतो

४ मार्च, सकाळी, दुकानातून

उशीराबाईंस,

वर तारीख आणि वेळ घातली आहे. घरचा शिरस्ता. वेळ न घातलेलं पत्र म्हणजे काटे नसलेलं घड्याळ, असं बाबा अजून म्हणतात. तू पाकीट न उघडताच फाडशील अशी शंका आहे, म्हणून महत्त्वाचं आधी उरकते. बाबा बरे आहेत. तुझे भावोजी बरे आहेत, म्हणजे झोपलेले आहेत. मी बरी आहे. आणि आईच्या बंद घड्याळावर संकट आलंय.

आता फाड.

नाही ना फाडलंस? माहीत होतं. आईचं घड्याळ म्हटलं की तू थांबणार.

ते मागच्या अंगणात पागोळीखाली अजून टांगलेलं आहे. बाबांना उभ्या आयुष्यात दुरुस्त करता न आलेलं एकमेव घड्याळ. त्यांनी रागारागाने त्यातलं यंत्र काढून घेतलं, पेटी फेकायला निघाले, तर आई आडवी आली. "राहू दे," म्हणाली, "वेळ न सांगणारं एक तरी घड्याळ घरात असावं." लंबकापुढची काच फुटलेलीच होती. तिथून यंदा चिमण्यांचं एक जोडपं आत राहायला गेलंय. नराच्या गळ्याखाली काळा पट्टा आहे आणि चालणं असं की अंगण आपल्या बापाचं; त्याचं नाव मी फौजदार ठेवलंय. मादी मालकीण. आत अंडी आहेत. बाबांनी दाढीचा आरसा काठीला बांधून पाहिली.

आई गेल्यापासून दाणे बाबाच घालतात. आणि बाबा घालणार म्हणजे कसे, हे तुला सांगायला नको. दुकानातली सगळी घड्याळं आठाचे ठोके द्यायला लागली की गल्ल्यावरची पितळी घंटा घेऊन मागे जायचं, ती वाजवायची, ताटलीत दाणे ओतायचे. चिमण्या आधीच कुंपणावर ओळीने हजर. शाळेत आपण इतक्या सरळ कधी उभ्या राहिलो नाही. तू तर उभीच राहिली नाहीस, कारण प्रार्थना संपल्यावर पोचायचीस.

गेल्या आठवड्यात घंटा वाजली, दाणे पडले, चिमण्या उतरल्या, आणि शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचं गॅरेज आणि आपली भिंत यांच्या फटीतून एक राखी रंगाचं काहीतरी सरळ रेषेत आलं. आवाज नाही, इशारा नाही. ते गेलं तेव्हा ताटलीवर फक्त पिसं तरंगत होती. शिक्रा. कबुतराएवढाही नसेल, पण लाल डोळ्यांनी असा बघतो की वाटतं, आपला गृहपाठ राहिलाय.

बाबा घंटा हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी मनगटावर पाहिलं. कशासाठी, देव जाणे.

आता तो रोज येतो. घरटं पाहायचा अवकाश आहे. फौजदार आणि मालकीण दोघंही त्याच ताटलीवर जेवतात. ती गेली की पेटीतलं सगळं गेलं. बाबा दिवसभर मागच्या दारात बसून असतात. आई गेल्यापासून ते कशासाठीही असे बसले नव्हते.

तू यावंस म्हणून हे लिहीत नाहीये. उगीच गैरसमज नको.

तुझी ताई


११ मार्च, दुपारी

उशीराबाई,

उत्तर नाही. वरातीमागून घोडं पाठवायची तुझी जुनी सवय आहे, म्हणून वाट पाहते.

इथे युद्ध चालू आहे. सेनापती तुझे भावोजी. त्यांनी बाजारातून प्लॅस्टिकचं घुबड आणलं. डोळे पिवळेजर्द, मान वाऱ्याने हलते. "शिकारी पक्षी याला बघून पळतात," असं दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं म्हणे. छाती कोणाची, ते विचारायचं राहिलं. घुबड भिंतीवर बसवलं. चिमण्या दोन दिवस फिरकल्या नाहीत. शिक्रा आला, घुबडाच्या डोक्यावर बसला, चोच पुसली आणि तिथून अंगणाचा नीट आढावा घेतला. आम्ही त्याला टेहळणीचा बुरूज बांधून दिला.

मग भावोजी ताट आणि पळी घेऊन उभे राहिले. बडवलं असं की गल्लीतली कुत्री रडायला लागली. चिमण्या उडाल्या, आणि उडालेली चिमणी पकडणं त्याला बसलेल्या चिमणीपेक्षा सोपं.

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" मी विचारलं.

"मी प्रयत्न करतोय," ते म्हणाले.

"तेच थांबवा."

डॉक्टरीणबाई भिंतीवरून डोकावल्या. त्यांना वाटतं की जग दोनच प्रकारच्या लोकांनी भरलंय, दात घासणारे आणि न घासणारे, आणि दोघांनाही उपदेश लागतो. "निसर्ग आहे तो," म्हणाल्या. "त्यालाही पोट आहे. घरी पिल्लं असतील."

"असतील ना," मी म्हणाले. "मागच्या गटारात घुशी आहेत चांगल्या मांजराएवढ्या. त्या घालायला सांगा पिल्लांना. पौष्टिक असतात."

"तुम्ही फार बोलता."

"तुमच्या खुर्चीत बसले की बोलता येत नाही, म्हणून बाहेर भरून काढते."

बाबांचं मात्र तेच. आठाला घंटा, दाणे, मग बघत उभे. तो रोज नेत नाही, पण येतो रोज. तुझं नाव त्यांनी काढलेलं नाही. फक्त काल विचारत होते, "अंड्यातून पिल्लू यायला वेळ लागला तर काय करतात गं? बाळंतपणाच्या दवाखान्यात असतात त्या बायकांना ठाऊक असेल." अशा बायका त्यांच्या ओळखीच्या किती आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ताई


१६ मार्च, सकाळी, चहा गार होत असताना

अगं, सापडलं!

पिल्लं आली आहेत, हे आधी. पेटीतून आवाज येतो, शिलाई यंत्राला तेल नसल्यासारखा. फौजदार दिवसभर अळ्या आणतोय, मालकीण आत-बाहेर. आणि आज रविवार.

बाबांना रात्रीपासून कणकण होती. सकाळी त्यांना डोळा लागला. दाणे घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि तुला माहीत आहे, रविवारी मी माणसात उशिरा येते. आठाचे ठोके पडले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा ढवळत उभी होते. म्हटलं, घालू सावकाश.

आणि तो आला. अगदी ठोक्याला. ताटली रिकामी. घुबडाच्या डोक्यावर बसला. इकडे बघ, तिकडे बघ. मला शपथेवर सांगायला लाव, वाढायला उशीर झालेल्या नवऱ्याचं तोंड असतं ना, तेच. बराच वेळ बसला, मग वैतागून उडून गेला तो बाजाराच्या छपरांकडे. पुष्कळ वेळाने मी दाणे घातले. चिमण्या आल्या, निवांत खाल्लं, भांडल्या, अंघोळ केली. केसालाही धक्का नाही.

चहा हातात तसाच राहिला. आई दाणे कशी घालायची, आठव. हात रिकामा झाला की. कधी सकाळी, कधी दुपारी भांडी घासून झाल्यावर, कधी दिवसभर विसरायची आणि तिन्हीसांजेला "अगंबाई!" म्हणून मूठभर जास्त. तिच्या इतक्या वर्षांत अंगणात कधी शिक्रा पाहिलास? मी नाही पाहिला. आपण तिला वेंधळी म्हणायचो.

बाबा घंटा चिमण्यांसाठी वाजवतात, जेवायला येतो तो.

बाबा उठल्यावर सांगितलं. कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे चूक माझी? शिस्त लावली, ही चूक?"

"शिस्त त्यालाही लागली, एवढंच म्हणतेय. बाबा, आठाची वेळ मोडा."

"वेळ मोडत नसते. घड्याळ मोडतं."

"मग तो एकेक करून सगळ्यांना नेईल."

"वेळेवर वाढणं हे माझं काम. पुढचं माझ्या हातात नाही." आणि भिंतीकडे बघत, "माणसं आपल्या वेळेने यायला लागली तर जग चालायचं कसं?"

हे चिमण्यांबद्दल नव्हतं, हे कळायला मला भिंग लावावं लागलं नाही.

मी उठून आले. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

ताई


१८ मार्च

फौजदार गेला.

आठाला. घंटेवर. बाबांच्या पायांपासून हातभर अंतरावर. चोचीत अळी होती, पिल्लांकडे निघाला होता, वाटेत ताटलीवर टेकला. अळी तिथेच पडली होती, वळवळत.

बाबा अजून पायरीवर बसले आहेत. घंटा त्यांच्या मांडीवर आहे. मालकीण एकटी येते आणि जाते.


२४ मार्च, वेळ घालते आहे पण तिचा भरवसा धरू नकोस

बाईसाहेब,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी दोन ओळी. "घाबरू नका, ओढाताण करू नका. लागेल तेवढा वेळ लागू द्या." बाळंतिणींना सांगतेस तेच आम्हाला लिहून पाठवलंस ना? चालेल. मी ते टेबलावर ठेवलं होतं, उघडं, सहज. संध्याकाळी तिथे नव्हतं. आता बाबांच्या कामाच्या दिव्याला चिमट्याने लावलेलं आहे. मी पाहिलं नाही असं दाखवलं, त्यांनी लावलं नाही असं दाखवलं.

आता बातमी ऐक, आणि बसून ऐक. बाबांनी वेळ मोडायची ठरवली.

फौजदार गेल्यानंतर दोन दिवस ते पायरीवरच होते. मग सकाळी माझ्यासमोर कागद ठेवला. पट्टीने रेघा मारलेला. सोमवारी सव्वाआठ, मंगळवारी पावणेअकरा, बुधवारी दुपारी... अनियमितपणाचं वेळापत्रक! तांबड्या शाईत! असलं काही फक्त आपल्याच घरात होऊ शकतं.

"बाबा, हे तो पुढच्या आठवड्यात पाठ करेल."

"दर आठवड्याला बदलीन."

"कशानुसार?"

बाबांनी पुन्हा पट्टी उचलली. "त्याचाही काही नियम बसवता येईल."

मी हसले. हसू नये असा प्रसंग होता, पण हसले, आणि काय सांगू, तेही हसले. मग कागद त्यांनीच चुरगळला. पण नुसता कागद चुरगळून काय होतंय? ठोके पडायला लागले की त्यांचा हात आपोआप घंटेकडे जायचा. दोन दिवस मी घंटा पिठाच्या डब्यात लपवली, तर ते टाळी वाजवायला उठले.

तिसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले तर दुकानात शांतता. तू ती कधी ऐकलेली नाहीस, मीही नव्हते. बाबा शिडीवर उभे होते आणि भिंतीवरच्या शेवटच्या मोठ्या घड्याळाचा लंबक एका बोटाने धरून ठेवला होता. हळूच, आजाऱ्याची नाडी पाहावी तसा. बाकीची सगळी आधीच बंद केलेली. "गिऱ्हाइकं काय म्हणतील?" मी विचारलं.

"सेल बदलायला येतात ती. त्यांना काय कळतंय," म्हणाले आणि खाली उतरले.

आणि मग त्यांनी खरं काम काढलं. मेलेल्या घड्याळांचे लंबक, साखळ्या, वजनं, सगळं माळ्यावरून खाली. गॅरेज आणि भिंत यांच्यामधली ती फट आठवते ना? शिक्रा तिथूनच बाणासारखा येतो. बाबा म्हणाले, "त्याला सरळ रस्ता लागतो. रस्ताच ठेवायचा नाही." फटीवर आडव्या दोऱ्या ताणायच्या आणि त्यांना हातहातभर अंतरावर लंबक सोडायचे. चिमणी मधून सहज जाईल, त्याला पंख मिटून वळसे घ्यावे लागतील. ताटलीही हलवली, थेट बोगनवेलीच्या काट्यांखाली. छाटलेल्या फांद्या रचून पेटीपासून तिथपर्यंत काट्यांचा आडोसा केलाय. चिमणी आत घुसली की संपलं, शिक्र्याने यावं आणि आपली पिसं काट्यांना लावून जावं.

दोऱ्यांचं दुसरं टोक बांधायला डॉक्टरीणबाईंचं गॅरेज हवं होतं. बाबा स्वतः गेले. बाबा! ज्यांनी आजवर शेजाऱ्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही.

"मी त्याला मारत नाही," ते म्हणाले. "फक्त माझ्या घरी जेवायला नको म्हणतोय."

बाईंनी त्यांच्या हातातला पितळी लंबक बोटाने झुलवून पाहिला. मग म्हणाल्या, "खिळा वर मारा. खाली माझी गाडी लागते." आणि स्वतः शिडी धरायला आल्या. वर चढलेल्या तुझ्या भावोजींना दात किडलेत हे खालून सांगितलं, ते वेगळं.

मालकीण अजून एकटीच ओढतेय. पेटीतून तीन तोंडं दिसतात, तिन्ही उघडी. उघड्या तोंडांशिवाय त्या पिल्लांना दुसरं काही अंगच नसावं.

तू "बघते" असं कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलंयस. काय बघतेस ते लिहिलेलं नाहीस. मी विचारणार नाही. वाचलंय मात्र सगळ्यांनी.

ताई


१ एप्रिल, आणि हा विनोद नाही

जिंकलो!

घाईत लिहितेय, अक्षर समजून घे. आज पिल्लं बाहेर पडली.

सकाळपासून मालकीण पेटीत जाईना. चोचीत अळी धरून समोरच्या फांदीवर बसायची आणि हाका मारायची. या बाहेर, तर मिळेल. आपल्या आईने तुला झोपेतून उठवायला हा उपाय करायला हवा होता. पहिलं पिल्लू फुटक्या काचेतून बाहेर आलं आणि दगड पडावा तसं थेट काट्यांत पडलं. तिथून ओरडायला लागलं, म्हणजे ठीक होतं. दुसरं त्याच्या मागे. तिसरं, सगळ्यात लहान, कडेवर येऊन बसलं आणि तिथेच राहिलं. बाहेर बघायचं, आत वळायचं. पुन्हा बाहेर, पुन्हा आत.

आम्ही चौघं मागच्या दारात. चौथ्या डॉक्टरीणबाई, अंगावर डगला तसाच. खुर्चीत कोणीतरी तोंड उघडून बसलंय म्हणाल्या, बसू दे.

"ढकला जरा काठीने," तुझे भावोजी कुजबुजले. "तो येईल इतक्यात."

आणि बाबा म्हणाले, "कोणी हात लावायचा नाही. लागेल तेवढा वेळ लागू दे."

शब्द तुझे होते. आवाज बाबांचा. मी वळून पाहिलं, ते पिल्लाकडेच बघत होते.

तेवढ्यात तो आला. ना आठ वाजले होते, ना घंटा. पिल्लांचा गलका बाजारापर्यंत गेला असणार. त्याच फटीतून, खाली, सरळ. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. पहिल्या लंबकाला पंख लागला. ठण्ण! तो कलला, दुसरा लंबक पुढ्यात, तिसरा झुलत आलेला. सगळे एकमेकांवर वाजायला लागले, बंद पडलेली सगळी घड्याळं एकदम ठोके देत होती गं! त्याने मधेच पंख मिटले, उलटा फिरला, साखळीत एक पीस सोडलं आणि भिंतीवर आदळता आदळता सावरला. त्या आवाजाने दचकून आपलं शहाणं पिल्लू उडालं. उडालं कसलं, पोहलं हवेत, आणि काट्यांत गडप.

शिक्रा घुबडाच्या डोक्यावर बसला. धापा टाकत होता. खाली काट्यांत तीन पिल्लं आणि मालकीण त्याला चारचौघांत सांगता येणार नाही असं काहीबाही बोलत होती. मग तो उडाला. आणि खरं सांगते, मागच्या गटारावर घिरटी घातली, झेपावला आणि घुशीचं पिल्लू उचलून नेलं.

"पौष्टिक असतात!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. सगळ्यांत मोठ्याने त्याच ओरडल्या. भावोजींनी ताट बडवलं, आणि आज मी त्यांना थांबवलं नाही. गल्लीतली कुत्री पुन्हा रडली. बाबांनी घंटा पिठाच्या डब्यातून शोधून आणली, म्हणजे कुठे आहे ते त्यांना सगळा वेळ माहीत होतं, आणि वाजवली. मनसोक्त, वेळी-अवेळी, हात दुखेपर्यंत. घंटा आणि सगळा हात पांढरा.

ताई


(वर तारीख नाही. बाबांनी घालू दिली नाही. वेळही नाही.)

धाकटे,

घरची सगळी घड्याळं अजून बंद आहेत. गिऱ्हाइकं दारातून डोकावतात, आणि तुला आश्चर्य वाटेल, थोडी जास्तच बसतात. पिल्लं दिवसभर अंगणात भीक मागत मालकिणीच्या मागे फिरतात. शिक्रा दिसतो कधीतरी, लांबून, बाजाराच्या छपरावर. त्याचं पोट भरतंय. आमचं त्याच्याशी वैर नाही, फक्त आमंत्रण नाही.

आज बाबा पायरीवर बसले होते, आईच्या पेटीखाली. मला हाक मारली आणि म्हणाले, "किती वाजले गं?"

घड्याळजीने. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्याला.

मी म्हणाले, "मला काय माहीत. तुम्हीच बंद केलीत. कशाला हवेत?"

ते पेटीकडे बघत होते. म्हणाले, "तुझी आई गेली त्या दिवशी धाकटीच्या हातात कोणाचंतरी बाळ अडलेलं होतं. सोडून कशी येणार होती? आणि तुझ्या आईला कसली घाई होती? ती थांबली असती. ती कायम थांबायची."

मी काही बोलले नाही. मी बोलले नाही, हे तू लिहून ठेव.

मग म्हणाले, "तिला लिही, ये. वेळ कळवायची नाही. आठाला तर मुळीच नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आणि लिही, जेवायला आम्ही थांबलोय."

तर लिहिलं. खरंच थांबलेत, ताटं झाकून ठेवायला लावलीत. भूक या विषयात मी मात्र अजून बाबांच्या जुन्या शिस्तीची आहे, तेव्हा उशीराबाई, फार उशीर करू नकोस.

तुझी,
उपाशी ताई